सूर्याजीरावांचा घोडा गरिमाचा नव्हे, असा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. जिल्हा किशोर-कला संवर्धन अधिकारी,
किशोर-कला संवर्धन कार्यालय,
दुसरा मजला (लिफ्ट बंद),
ग्वाल्हेर.

विषय: ‘कला-सोबती’ योजनेखालील मार्गदर्शकांनी काढलेला घोडा कु. गरिमा कुशवाह हिने काढलेला नाही, असा लेखी दाखला मिळणेबाबत.

संदर्भ: १) आपल्या कार्यालयाचे पत्र, ज्यावर जावक क्रमांकाची जागा कोरी आहे.
२) माझे यापूर्वीचे दोन अर्ज, जे सापडत नाहीत.
३) आपले-माझे जिन्यात झालेले बोलणे.

महोदय,

१. कला हा समाजाचा आत्मा आहे, यावर माझी निःसंशय श्रद्धा आहे. हेच वाक्य आपल्या कार्यालयाच्या जिन्यात, पहिल्या वळणावर, हिंदीत आणि तिरंगी अक्षरांत रंगवलेले आहे. त्यातला ‘आत्मा’ हा शब्द गुटख्याच्या पिचकाऱ्यांखाली संपूर्ण झाकला गेला असून, सध्या तेथे कला ही समाजाची नुसतीच काहीतरी आहे. काय आहे, हे मी आपल्या शिपायाला विचारले. त्याने वाक्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि साहेब जेवायला गेल्याचे सांगितले.

२. हा अर्ज मराठीत का, असा प्रश्न आपल्या आवक टेबलाने काढल्यास भारतीय राज्यघटनेचे कलम ३५० पाहावे. गाऱ्हाणे कोणत्या भाषेत मांडावे याची मुभा त्यात दिलेली आहे. शिवाय संदर्भ क्र. २ मधले दोन्ही अर्ज मी हिंदीत दिले होते आणि ते वाचले गेले नाहीत, तेव्हा दोष भाषेचा असावा असे मी धरून चालले आहे. आपण स्वतः दरवर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात, ग्वाल्हेरात आपली मराठी कशी जगेल या विषयावर बोलता. बोलणे बरेच लांबते आणि प्रसाद निवतो, पण कळकळ खरी असते. त्या कळकळीला स्मरून हा अर्ज तरी आपण शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

३. मी, खाली सही करणारी, एका खासगी शाळेत चित्रकला शिकवते. दुपारी शाळा सुटली की थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरांमधल्या सामुदायिक भवनात मुलांचा वर्ग घेते. लग्नसराई सोडली तर त्या हॉलला दुसरे काम नसते. मुले गणवेशातच येतात, अर्धी भुकेली आणि अर्धी कोचिंग चुकवून. कोणी दर्पण कॉलनीतून सायकलवर येते, कोणी हजीऱ्याहून टेम्पोला लटकून. मी त्यांना फारसे काही शिकवत नाही. समोर जे आहे ते बघा आणि तेवढेच काढा, इतके सांगते, आणि मग हॉलभर हिंडत खोडरबरे जप्त करते. एवढ्यावर मुलांची चित्रे हळूहळू एकमेकांपेक्षा वेगळी दिसू लागतात. या वर्गाची सगळी मिळकत तेवढीच होती. होती, असे मी विचार करून लिहिले आहे.

४. या अर्जाशी ज्या मुलीचा संबंध आहे ती गरिमा कुशवाह, राहणार हजीरा. यंदा बारावी झाली. वडील ई-रिक्षा चालवतात. गरिमा झोपलेली माणसे काढते. आपल्याच रिक्षात पाय दुमडून पडलेले वडील, दुकानाच्या फळीवर डोळा लागलेला कापडवाला, रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसल्या बसल्या कलंडलेल्या बाया. झोपलेलीच का, असे मी तिला विचारले होते. ती म्हणाली, “मॅम, जागे हुए लोग बोलते हैं, मेरी नाक ठीक कर दे.” तिला परगावच्या एका कलाविद्यालयात जायचे आहे. त्या विद्यालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण या प्रकरणात त्यांनी काही बिघडवलेले नाही. वडिलांनी यंदाचे एक वर्ष मान्य केले आहे. जमले तर ठीक, नाही तर मुरैन्याला काकांचे मोबाइलचे दुकान आहे, तिथे काउंटरवर बसायचे आणि बी.ए. घरून करायचे. वडील दुष्ट नाहीत. त्यांच्यापाशी एकच वर्ष होते, ते त्यांनी दिले. ते वर्ष सध्या आपल्या कार्यालयात, कपाटावर, तिच्या चित्रांच्या गठ्ठ्याच्या रूपाने पडलेले आहे.

५. आपली ‘कला-सोबती’ योजना थाटीपुरच्या हॉलमध्ये पोचली ती फ्लेक्ससकट. शाळेबाहेरच्या वेळात कला शिकणाऱ्या तरुणांना ‘समाजातील अनुभवी व्यक्तीचा स्नेहपूर्ण हात’ लाभावा, असा योजनेचा हेतू परिपत्रकात नमूद आहे. हात या शब्दाकडे मी त्या वेळी लक्ष दिले नाही. योजनेच्या अटी दोन. एक, मुलांनी आपल्या कार्यालयाचा शिक्का असलेल्या कागदावर, वर्गात आणि मार्गदर्शकांच्या समक्ष काढलेली चित्रेच ग्राह्य धरली जातील. दोन, कोणत्याही कलाविद्यालयाकडे जाणारा चित्रांचा गठ्ठा आपल्या कार्यालयामार्फत, पडताळणीनंतरच जाईल. मी होकार दिला, कारण शिक्क्याचे कागद जाड आणि फुकट होते. आमच्या मुलांनी तोवर असा कागद हातात धरला नव्हता. गरिमाने तर तो वास घेऊन पाहिला.

६. मार्गदर्शक म्हणून आपण श्री. सूर्याजीराव काळभोर यांची नेमणूक केली. ते सिंचन खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांचे पूर्वज दख्खनेतून घोडदळाबरोबर इकडे आले, हे आपण उद्घाटनाच्या दिवशी त्यांच्या परिचयात दोनदा वाचून दाखवले. दुसऱ्यांदा बहुधा पान उलटायचे राहिले. त्यानंतर त्या घराण्यात घोड्यावर कोण बसले याची मी माझ्यापुरती चौकशी केली. प्रत्येक पिढीतला प्रत्येक पुरुष बसला आहे, एकदा, लग्नाच्या दिवशी, आणि लगाम दुसऱ्याच्या हातात होता. सूर्याजीराव स्वतः स्कूटरने येतात. स्वभावाने ते सज्जन आहेत, मुलांना हिवाळ्यात तिळाची गजक आणतात आणि कोणावर आवाज चढवत नाहीत, हे मी न्यायबुद्धीने नमूद करते. ते दुर्जन असते तर माझे काम सोपे झाले असते.

७. पहिल्या दिवशी त्यांनी विचारले, घोडा कोणाकोणाला येतो. कोणालाच येत नव्हता. ते इतके दुखावले की मलाच अपराधी वाटून मी त्यांना चहा मागवला. चहा पिऊन ते उठले आणि कामाला लागले.

आपल्या दक्षिणी, म्हणजे इथल्या मराठी, घरांत मुलाला अक्षर कसे शिकवतात, हे आपणांस सांगायला नको. वडीलधारे माणूस मागे बसते, मुलाची मूठ आपल्या मुठीत धरते आणि पाटीवर श्री काढून घेते. मूल म्हणते, मी काढला. घरातले सगळे म्हणतात, हो रे, तूच काढलास. पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे खोटे फार गोड असते. सूर्याजीरावांनी तीच पद्धत मिसरूड फुटलेल्या मुलांना लावली. ते मागून येत, मूठ धरत आणि काढत. आणि त्यांना काढता येतो तो एकच घोडा. डावीकडे तोंड केलेला, पुढचे दोन पाय वर उचललेला, शेपटी केरसुणीसारखी, आणि डोळ्यांत उपअभियंत्याला न शोभणारा आवेश. मूठ सोडताना ते मुलाच्या पाठीवर थाप मारून म्हणत, “वा, आला की तुला.”

८. यानंतर जे घडले ते मी थोडक्यात सांगते, कारण विस्ताराने सांगायला मला शिसारी येते. सुश्रुतने नळावरची भांडणे काढली होती. भांड्यांच्या रांगेत घोडा उभा राहिला. यशश्रीने अंथरुणाला खिळलेली आजी काढली होती. आजीच्या उशाशी घोडा उधळला. एका मुलाने नुसती भिंत काढली होती, अतिशय प्रामाणिक भिंत, तिच्यात विटांशिवाय काही नव्हते, आणि ती मला फार आवडली होती. त्या भिंतीवरून घोडा उडी मारून गेला. झोपलेल्या माणसांवर तर सूर्याजीरावांचा विशेष जीव बसला. चित्रात एवढी मोकळी जागा आहे आणि माणसे नुसती लोळताहेत, हे त्यांना पाहवत नसे. गरिमाच्या वडिलांच्या छातीपाशी आता दोन खूर आहेत.

वर्गात घोडा नसलेला विद्यार्थी एकच उरला, तो म्हणजे सूर्याजीरावांचा सख्खा नातू दिग्विजयसिंह. तो चित्र काढायला येत नाही, मोबाइल बघायला येतो. आजोबा मागे आले की तो मान वर न करता म्हणतो, “आबा, हाथ मत पकड़ो यार.” आणि आबा मुकाट्याने पुढच्या मुलाकडे जातात. हे वाक्य बाकीच्या कोणालाही उच्चारता आले नाही, कारण ती मुले चांगल्या वळणाची आहेत. चांगल्या वळणाचे चित्रकलेत काय होते, ते मी या वर्षी पाहिले.

९. मी आपणांकडे तोंडी तक्रार केली. आपण जिना उतरत होता. आपण म्हणालात, “अहो सीमंतिनीताई, वडीलधारं माणूस आहे, हौस आहे त्यांना. एका घोड्यानं काय फरक पडतो?” मी म्हटले, घोडा एक नाही, प्रत्येक चित्रात आहे. आपण म्हणालात, मग तर योजना सगळ्यांपर्यंत पोचली म्हणायची. त्यानंतर आपल्या त्रैमासिक अहवालात ‘विद्यार्थ्यांमध्ये अश्वचित्रणाची परंपरा पुनरुज्जीवित’ असा परिच्छेद आला आणि वरिष्ठांकडून त्याची प्रशंसा झाली, असे कळते. आपले अभिनंदन करायचे माझ्याकडून राहून गेले.

१०. मुलांचे गठ्ठे पडताळणीसाठी आपल्याकडे आले तेव्हा ते आपल्या कार्यालयातल्या एकाच माणसाने उघडले. तो म्हणजे कंत्राटावरचा संगणक चालक मोहित. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याने गठ्ठे सोडले, पसरले, पाहिले आणि त्याला सगळीकडे तोच घोडा दिसला. डोळे असलेल्या कोणालाही दिसला असता. त्याने प्रत्येक गठ्ठ्यावर ‘सामूहिक नकल’ असा शेरा टाइप केला. मी त्याला जाऊन भेटले. तो म्हणाला, “मैडम, मैंने तो जो दिखा वो लिखा. आप ही तो क्लास में यही सिखाती हैं.”

शेऱ्यामागोमाग संदर्भ क्र. १ चे पत्र निघाले: पडताळणी पूर्ण होईपर्यंत गठ्ठे पुढे जाणार नाहीत आणि उमेदवारांनी कोणत्याही विद्यालयात प्रवेशासाठी उपस्थित राहू नये, अन्यथा योजनेतून नाव कमी होईल. इतर मुले अजून शाळेत आहेत. त्यांचे गठ्ठे नुसते स्पर्धेला जायचे होते. प्रवेशाचा प्रश्न एकट्या गरिमाचा होता. तिने ते पत्र घरी वाचून दाखवले. वडिलांनी विचारले, सरकार ने मना किया है क्या. ती म्हणाली, हो. ते म्हणाले, तो फिर रुक जा. त्यांचा सरकारवर विश्वास आहे. रिक्षाच्या परवान्यामुळे तो ठेवावा लागतो.

११. उपाय साधा होता. घोडा सूर्याजीरावांचा आहे, मुलीचा नाही, एवढी एक ओळ आपण लिहून द्यायची होती. आपण म्हणालात, तसे लिहिले तर मार्गदर्शकाने विद्यार्थ्यांची चित्रे काढली असे होईल, आणि मग अश्वपरंपरेचे काय? मी म्हटले, तसेच झाले आहे. आपण म्हणालात, “झालं असेल हो, पण लेखी कसं होईल?”

मग आपणच तोडगा सुचवलात. गरिमाने एका समितीसमोर घोडा काढून दाखवावा. घोडा चांगला आला, तर आधीचे घोडे तिचेच ठरतील आणि नकलेचा शेरा कायम राहील. घोडा वाईट आला, तर घोडे तिचे नाहीत हे सिद्ध होईल, मात्र साधा घोडा न येणाऱ्या मुलीची शिफारस कलाविद्यालयाकडे कशी करायची, हा नवा प्रश्न उभा राहील. हे आपण मला अत्यंत सौजन्याने, समोर खुर्ची देऊन समजावलेत. मी घरी जाऊन ते माझ्या यजमानांना समजावले. ते बँकेत आहेत, अशा गोष्टी त्यांना पटकन कळतात. ते म्हणाले, “हे फार पक्कं बांधलंय.”

१२. समितीत आपण स्वतः अध्यक्ष, मार्गदर्शक या नात्याने पदसिद्ध सदस्य म्हणून सूर्याजीराव (म्हणजे ज्यांच्या घोड्याची चौकशी होती तेच), आणि विषयतज्ज्ञ म्हणून पशुचिकित्सा विभागातले एक डॉक्टर. विषय घोड्याचा असल्याने तज्ज्ञ घोड्याचा असावा, ही आपली टिप्पणी मी फाइलवर वाचली. समिती आज भरेल, उद्या भरेल, असे करता करता अखेर फार उशिरा भरली, कारण डॉक्टरांच्या मागे शेळ्यांचे लसीकरण होते.

डॉक्टरसाहेबांना आधी पुरावा म्हणून गठ्ठ्यातला घोडा दाखवण्यात आला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, “इसके पिछले पैर देखिए. ये बैठ गया तो उठेगा नहीं.” सूर्याजीरावांनी हे ऐकले नसावे, किंवा ऐकून कौतुक समजले असावे. ते नम्रपणे हसले.

गरिमाने कागद घेतला. तिने पाहिलेला घोडा एकच: हजीऱ्यात बँडवाल्यांच्या दुकानाशेजारी वरातीची घोडी बांधलेली असते, तीच. लग्ने नसतात तेव्हा ती दिवसभर उभ्यानेच झोपते. गरिमाने ती काढली. मान खाली, ओठ सैल, एक मागचा पाय ढिला सोडून टापेच्या टोकावर टेकवलेला, पाठीवर झुलीचे चट्टे. डॉक्टरसाहेब खुर्चीतून उठून तिच्या मागे येऊन उभे राहिले. ते म्हणाले, “ये सो रही है. अरे, ये तो सचमुच सो रही है.” मला पंधरा-वीस वर्षांच्या नोकरीत एवढे चांगले परीक्षण कोणाकडून ऐकायला मिळालेले नाही.

आणि तेव्हा सूर्याजीराव उठले. मी हे लिहिताना राग आवरला आहे, याची कृपया नोंद घ्यावी. ते म्हणाले, “अगं बाळ, घोडा असा मरगळून उभा राहतो होय? मान वर घे त्याची.” त्यांनी मागून येऊन, आपल्या, माझ्या आणि पशुचिकित्सा विभागाच्या देखत गरिमाची मूठ धरली आणि झोपलेल्या घोडीवर आपला घोडा काढला. डावीकडे तोंड केलेला. पुढचे दोन पाय वर. मी आपल्याकडे पाहिले. आपण पंख्याकडे पाहत होता. मूठ सोडून त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “वा, आला की तुला.”

गरिमा सहसा बोलत नाही. तिने पेन्सिल त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, “सर, ये आपका बना है. नाम भी आप ही लिख दीजिए.”

मला वाटले, सुटले प्रकरण. सूर्याजीरावांचे डोळे पाण्याने भरले. आजवर कोणी विद्यार्थ्याने त्यांची सही मागितली नव्हती, असे ते म्हणाले, आणि त्यांनी कागदाच्या खाली पूर्ण नावानिशी, घराण्याच्या जुन्या हुद्द्यासकट, वळणदार सही केली. आपण तो कागद उचललात, सही पाहिलीत आणि म्हणालात, “चला, प्रमाणितही झालं.”

१३. समितीचा अहवाल माझ्यासमोर आहे. त्यातली तीन वाक्ये मराठीत करून उद्धृत करते. ‘उमेदवाराने समितीसमक्ष घोडा रेखाटला. सदर चित्र मार्गदर्शकांनी स्वाक्षरीने प्रमाणित केले. यापूर्वीचे सर्व गठ्ठ्यांतील घोडे त्याच हातचे असल्याबाबत समितीचे एकमत आहे.’

शेवटचे वाक्य अक्षरशः खरे आहे, म्हणून माझी जास्त पंचाईत झाली आहे. डॉक्टरसाहेबांनी त्यावर सही केली ती याच अर्थाने, असे त्यांनी मला फोनवर सांगितले. दुसरा काही अर्थ निघू शकतो हे त्यांच्या लक्षात आले नाही, कारण त्यांचा रोजचा संबंध जनावरांशी येतो. आपल्या कार्यालयाने मात्र दुसरा अर्थ काढला आहे. सगळे घोडे एकाच हातचे, तो हात गरिमाचा, याचा अर्थ गरिमानेच इतर सर्व मुलांना घोडे काढून दिले. ‘सामूहिक नकल’ हा शेरा बाकीच्यांच्या गठ्ठ्यांवरून काढण्यात आला असून, तिच्या एकटीच्या गठ्ठ्यावर ‘नकल पुरविणे’ असा चढवण्यात आला आहे. इतर मुलांना आता स्पर्धेला जाता येईल. ती मुले माझ्याकडे येऊन रडली. आम्हाला जायचे नाही, म्हणाली. जा, असे मी त्यांना सांगितले. भिंत काढणाऱ्याला तर दोनदा सांगितले.

सूर्याजीरावांना या वर्षीचे ‘आदर्श कला-सोबती’ म्हणून शाल आणि श्रीफळ देण्यात येणार असल्याचेही कळते. गरिमावर आलेला शेरा त्यांच्या कानावर घातला तेव्हा ते खरोखर अस्वस्थ झाले. पोरीला समजावतो, म्हणाले. एवढा चांगला हात आहे, तो असा दुसऱ्यांसाठी वाया घालवू नये.

मला या सगळ्याची किळस आली आहे. किळस या शब्दाला शासकीय पर्याय शोधण्याचा मी प्रयत्न केला. ‘खेद’ कमी पडतो आणि ‘आक्षेप’ला मुदत लागते. तेव्हा शब्द आहे तसाच ठेवला आहे.

१४. सबब पुढीलप्रमाणे विनंती आहे:

(अ) घोडा सूर्याजीरावांचा आहे, गरिमाचा नाही, असा एका ओळीचा दाखला आपण सहीशिक्क्यानिशी द्यावा. ओळ मी सोबत टाइप करून जोडली आहे. आपल्याला विचार करावा लागणार नाही.

(आ) ‘नकल पुरविणे’ हा शेरा काढून गरिमाचा गठ्ठा आजच्या आज पुढे पाठवावा. शेरा काढता येत नसेल, तर गठ्ठा शेऱ्यासकट पाठवावा. पाहणारे पाहून घेतील. त्यांना तरी डोळे असतील, या आशेवर मी आहे.

(इ) समितीसमोर काढलेला कागद गरिमाला परत द्यावा. घोड्याच्या पोटाखाली तिच्या घोडीचा ढिला सोडलेला पाय अजून दिसतो. तेवढा भाग आम्ही कापून घेऊ. उरलेला घोडा आणि सही आपण फ्रेम करून कार्यालयात लावावी.

(ई) सूर्याजीरावांना यापुढे स्वतंत्र कागद, स्वतंत्र पेन्सिल आणि शक्य झाल्यास स्वतंत्र हॉल मिळावा. त्यांना घोडा काढण्यापासून कोणी परावृत्त करावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. माणसाने या वयात काढावा घोडा. फक्त तो आपल्या हाताने काढावा.

(उ) ‘कला-सोबती’ योजनेतून थाटीपुरचा वर्ग वगळावा. जाड कागद आम्ही परत करतो. मुले पुन्हा वहीच्या पाठकोऱ्या पानांवर काढतील. त्यांच्यावर शिक्का नसतो, हा त्या पानांचा मोठा गुण आहे, हे आम्हाला उशिरा कळले.

वरील मागण्यांपैकी फक्त (अ) मान्य झाली तरी मी बाकीच्या सोडून देईन, आणि (आ) मान्य झाली तर (अ)सुद्धा. मुलीचे वर्ष वाचावे, इतकाच माझा लोभ आहे.

आपली,
नम्रपणा संपत आलेली,

(सही)
सौ. सीमंतिनी गुरुप्रसाद पोतनीस
दर्पण कॉलनी, ग्वाल्हेर
दिनांक: १८ जुलै २०२५

सोबत:
१) दाखल्याची टाइप केलेली ओळ.
२) सुश्रुत, यशश्री आणि भिंतीवाला मुलगा यांच्या चित्रांच्या छायाप्रती, घोड्यांसह.
३) गरिमाने घरी, बिनशिक्क्याच्या कागदावर काढलेले वडिलांचे चित्र, घोड्याशिवाय. हे मूळ आहे; चहाचा कप ठेवू नये.

ता. क. अर्ज टाइप करून झाल्यावर, गठ्ठा चार दिवस उशिरा पोचला तर चालेल का, हे विचारायला मी त्या कलाविद्यालयात फोन केला. फोनवरच्या बाई अगदी नीट बोलल्या. आपली समिती ज्या दिवशी बसली, त्याच दिवशी संध्याकाळी त्यांच्याकडचे प्रवेश बंद झाले. यंदा जागांपेक्षा मुलेच कमी आली होती, म्हणून जे कोणी समोर येऊन उभे राहिले त्या सगळ्यांना घेतले. चित्रांचे गठ्ठे कोणाचेच उघडले नाहीत.